शिराळं कडू का निघालं: गुहागर तालुक्यातल्या एका परसातलं प्रकरण

2023 साली श्रावण अधिक आला होता. आत्येने लेक-जावयाला जेवायला बोलावलं. अनारशांचं वाण तयार, पानात परसातल्या शिराळ्याची, म्हणजे दोडक्याची, पहिली भाजी. चण्याची डाळ, ओलं खोबरं, वर हिरव्या मिरचीची फोडणी. जावयांनी पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले आणि गुपचूप वरणभाताकडे वळले. भला माणूस. दुसरा घास आत्येच्या लेकीने घेतला आणि तिथल्या तिथे ओरडली, "आई, भाजी जहर कडू आहे गो!"

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "तू दापोलीला शेतकी शिकलास ना? मग ये आणि सांग. गेल्या वर्षी याच वेलाचं शिराळं गोड होतं. मीच बी ठेवलं. दुकानातलं नाही, माझं स्वतःचं."

हे प्रकरण त्या फोनपासून सुरू झालं आणि मिटायला दोन पावसाळे गेले. सविस्तर लिहितोय, कारण परसात बी राखणाऱ्या पुष्कळ घरांत हीच चूक होते असं मला वाटतं, आणि ती चूक बी सुकवण्यात किंवा साठवण्यात नसते. ती त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

परस आधी डोळ्यासमोर आणा. घराच्या मागच्या दाराबाहेर जांभ्याची विहीर, तिच्या पलीकडे बांबूचे दोन मांडव. मोठ्या मांडवावर शिराळी आणि पडवळ, धाकट्यावर कारली. विहिरीच्या अंगाला घोसाळ्याचा एक वेल, पोफळीवर चढलेला. जमिनीवर तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, आळी, कडेने भेंडी, लाल माठ, चवळी, मिरचीची आठ-दहा रोपं. परसाची मागची हद्द म्हणजे कमरेएवढा जांभ्याचा गडगा, आणि गडग्यापलीकडे बंद घर. तिथली माणसं मुंबईला असतात, गणपतीला दहा दिवस आणि शिमग्याला चार दिवस येतात. हे बंद घर लक्षात ठेवा.

मी गेलो त्या दिवशी पहिलं काम केलं ते उरलेली भाजी फेकण्याचं. आत्येला वाईट वाटलं, ती म्हणत होती गुळाचा खडा घालून बघते. हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. काकडी, दुधी, शिराळी या कुळातला असा अवचित कडूपणा कुकरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती शिजवून जात नाहीत, मीठ लावून पिळूनही जात नाहीत. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, आणि कडू दुधीचा रस पिऊन जिवावर बेतल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, तो आपण पिढ्यान् पिढ्या खातो. गोड असायला हवी ती भाजी कडू लागली तर दुसरा घास घ्यायचा नाही, एवढंच.

आता कारण. गावात तीन मतं तयार होती. शेजारच्या काकींचं म्हणणं, नजर लागली. चुलत्यांचं म्हणणं, पाऊस मध्ये आठ दिवस उघडला म्हणून वेल ताणात गेला. आणि बहुतेक सगळ्यांचं म्हणणं, कारल्याच्या मांडवाला शिराळ्याचा मांडव खेटून घातला की शिराळी कडू होणारच.

कारल्याचं मत कोकणात इतकं पक्कं आहे की ते खोडायला गेलं तर आपणच वेडे ठरतो. पण कारलं आणि शिराळं ही वेगळी घराणी आहेत, त्यांचा एकमेकांत संकर होत नाही. खेटून असल्याने चवही लागत नाही. मुळं एका मातीत असली म्हणून रस एक होत नाही, नाहीतर परसातल्या मिरचीने माठ तिखट केला असता.

ताणाचं मत मात्र तपासण्याजोगं होतं. पाण्याचा ताण, उष्मा यांनी काकडीवर्गात कडूपणा वाढू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक वेल वेगळा धरला. मोठ्या मांडवावर शिराळ्याचे अकरा वेल होते. बुंध्याशी प्रत्येकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, एकेका वेलाचं कोवळं शिराळं तोडलं, नखाएवढी चकती जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. हे गिळायचं नाही. अकरांपैकी चार वेल कडू निघाले. मधल्या दिवसांत पाऊस चांगला झाला, आठवड्याने पुन्हा चव घेतली. तेच चार कडू, तेच सात गोड. एकाच आळ्यातले दोन वेल, एकच शेणखत, एकच पाऊस, आणि त्यातला एक कडू, एक गोड. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, मातीतही नव्हता. तो बियातच आला होता.

मग बी आलं कुठून? "सांगितलं ना, माझंच," आत्ये म्हणाली. कुठल्या फळाचं, असं विचारलं तेव्हा ती जरा थांबली. 2022 ला गणपती 31 ऑगस्टला होते. चांगली लांब, सरळ शिराळी तोवर सगळी उतरली. काही घरात, काही पाहुण्यांकडे, काही बाजारच्या टोपलीत. दसऱ्याच्या सुमारास ती मागच्या अंगाला सरपण काढायला गेली तेव्हा गडग्यावर चढलेल्या फांदीला एक शिराळं लटकलेलं दिसलं. पानाआड राहून गेलेलं, पिवळट, टणक. "आता हे भाजीला कुठलं. म्हटलं, राहू दे बियाला." दिवाळीपर्यंत ते वाळून खडखडीत झालं. पुढच्या वर्षीचे अकराही वेल त्या एका फळातले.

"पण तेही गोडच असणार. त्या वेलाची सगळी शिराळी गोड होती," ती पुन्हा म्हणाली. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि घोळ तिथेच होता. शिराळ्याचा गर, साल, शिरा हे सगळं आईवेलाचं अंग. परागकण कुठल्याही वेलाचे येऊन पडले तरी त्या वर्षी फळाची चव आईचीच राहते. पोटातलं बी मात्र दोघांचं. बाप कोण, हे त्या वर्षी कळायला मार्ग नसतो. तो पुढच्या पावसाळ्यात ताटात कळतो, आणि आमच्या बाबतीत नेमका जावयाच्या ताटात कळला.

बापाचा शोध घ्यायचा तर आधी घोसाळ्यावर संशय जातो, कारण शिराळं आणि घोसाळं ही सख्खी चुलत भावंडं, त्यांचा संकर होऊ शकतो. पण घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि शिराळ्याचं संध्याकाळी. शिवाय घोसाळं स्वतः गोड, आणि त्याच्याकडून आलेल्या फळाच्या शिरा बोथट झालेल्या दिसल्या असत्या. आमच्या कडू शिराळ्यांच्या शिरा धारदार होत्या. घोसाळं सुटलं.

हे फुलांच्या वेळेचं मला कॉलेजात पाठ होतं, उपयोगात पहिल्यांदा आलं. दुपारी आम्ही तासभर परस पालथं घातलं होतं आणि काही सापडलं नव्हतं. मी म्हटलं, आत्ये, आपण चुकीच्या वेळी शोधतोय. सातच्या सुमारास, पाऊस थांबलेला असताना, पुन्हा मागच्या दारी गेलो. मांडवावर शिराळ्याची फुलं उघडली होती, फिकट पिवळी, अंधारात दिव्यासारखी. आणि तशीच फुलं गडग्याच्या पलीकडे, बंद घराच्या न्हाणीच्या पडक्या भिंतीवर, घाणेरीच्या जाळीवर. पंचवीस-तीस तरी असतील. त्यांच्यावर एक राखाडी पतंग भिरभिरत होता. तिथून उठला, गडगा ओलांडून आमच्या मांडवावर आला. आम्ही दोघं टॉर्च धरून बघत राहिलो. मधलं अंतर पंधरा पावलांचंही नव्हतं.

ती कडू शिराळी होती, रानातली. फळं बोट-दीड बोट लांबीची, पोट सुटलेली, पण शिरा तशाच दहा. आत्येने ती लगेच ओळखली. तिच्या लहानपणी एक वैद्यबुवा रोग्याला वांती करवण्यासाठी ही न्यायचे. आयुर्वेदातली कोशातकी ती हीच. भाजीचं शिराळं आणि ही रानटी एकाच जातीची, त्यामुळे संकराला काही आडकाठी नाही, आणि अशा संकरात कडूपणा वरचढ ठरतो. ज्या बियांना रानटी वेलाचे परागकण मिळाले ते वेल कडू, ज्यांना मांडवावरचे मिळाले ते गोड. एकाच फळात दोन्ही प्रकारचं बी असू शकतं, कारण फुलावर एकाच वेलाचे परागकण येतात असं काही नाही. अकरांत चार कडू कसे, त्याचा हिशोब इथे लागला.

मग पूर्वी असं का होत नव्हतं? आत्ये या परसात चाळीस वर्षं बी राखते आहे. कारण पूर्वी ते घर उघडं होतं. दर पावसाळ्याच्या तोंडाला तिथली म्हातारी कोयती घेऊन गडग्यावरचं रान साफ करायची. ती गेली, मुलगे मुंबईचे झाले, गडगा कुणाचाच राहिला नाही. कोकणातल्या बंद घरांबद्दल बोलताना आपण पडक्या भिंतींबद्दल आणि पडीक भाताबद्दल हळहळतो. बंद घर शेजारच्या परसातल्या बियापर्यंत पोचतं हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

पण रानवेल हे अर्धंच कारण. तो वेल काही 2022 साली पहिल्यांदा उगवला नव्हता. आत्येने आधीच्या वर्षांत मांडवाच्या पुढच्या बाजूची फळं बियाला ठेवली होती, आणि ती लवकरची होती. त्या वर्षी मात्र बी राखण्याचा निर्णय तिने घेतलाच नाही, तो उरलेल्या फळाने घेतला. नीट बघितलं तर उरलेलं फळ म्हणजे काय? चांगली फळं लवकर दिसतात म्हणून लवकर तोडली जातात. शेवटपर्यंत राहतं ते लपलेलं, कडेचं, उशिरा धरलेलं. त्याचं फूल गणपतीच्या आगेमागे उमललेलं, जेव्हा मांडवावरचे वेल थकलेले असतात, त्यांची फुलं कमी झालेली असतात आणि रानवेल मात्र भरात असतो. पतंगाच्या अंगाला त्या वेळी कुणाचे परागकण जास्त असणार? त्यात हे फूल गडग्यावरच. बियासाठी सगळ्या परसात यापेक्षा वाईट जागा आणि यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती. वर्षानुवर्षं उरलेल्या फळाचं बी धरलं तर आपण नकळत उशिरा येणाऱ्या, कमी धरणाऱ्या वेलांचीच निवड करत राहतो, हा तोटा वेगळाच.

म्हणजे हंगामाच्या अखेरीला जे बी हाती येतं, त्याचा निर्णय ऑगस्टमध्ये, फूल दिसतं तेव्हा व्हायला हवा. शिराळ्याचं फूल उमलल्यापासून फळ वेलावर खडखडीत वाळेपर्यंत दीड-दोन महिने जातात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धरलेलं फळ ऑक्टोबरात उतरतं. उशिरा धरलं तर परतीच्या पावसात वेलावरच कुजतं.

2023 चं बी आम्ही धरलंच नाही. कडू चार वेल उपटले, पण तोवर त्यांचे परागकण गोड सातांवर पडून गेले होते. त्यामुळे सातांपैकी कुठल्याही फळाचा भरवसा नव्हता. आत्येला हे सगळ्यात जड गेलं. "म्हणजे माझं बी संपलं?" मी सुचवलं, विद्यापीठाचं 'कोकण हरिता' लाव. ते संकरित नाही, सरळ वाण आहे, त्याचं बी पुढे राखता येतं. तिने ऐकून घेतलं. तिला तिचंच हवं होतं, हातभर लांब, कोवळेपणी शिरांची चटणी करावी असं.

तिची जाऊ संगमेश्वर तालुक्यातली. तीन-चार वर्षांपूर्वी आत्येने जावेच्या माहेरी मूठभर बी दिलं होतं, आणि तिथे ते दरवर्षी लावलं जात होतं. त्या घराभोवती रानशिराळी नाही, हे मी स्वतः संध्याकाळी जाऊन पाहून आलो. बी चाळलेल्या राखेत, काचेच्या बरणीत होतं. तिथल्या वहिनींनी चाळीस बिया मोजून दिल्या, आत्येने जाताना चवळीचं बी नेलं होतं. बियाण्याच्या कायद्यावरून घाबरवणारे लोक भेटतात म्हणून इथेच सांगतो: 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क दिला आहे. नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढाच अपवाद.

2024 च्या मृगात त्यातल्या बिया पेरल्या, दहा वेल वर चढले. त्याआधी गडग्यापलीकडच्या मालकांना मुंबईला फोन केला. ते म्हणाले, "तोडा की, विचारता काय." चुलत्यांनी कोयतीने रानवेल बुंध्याशी तोडला. आत्येच्या मते काम संपलं होतं. माझ्या मते नव्हतं, कारण पतंग पंधरा पावलांवर थांबत नाही. व्यापारी बी पिकवणाऱ्यांना दोन वाणांत शेकडो मीटरचं अंतर ठेवावं लागतं, आपल्या परसाला ते शक्यच नाही. म्हणून फुलं हाताने जुळवायचं ठरलं.

हे ऐकायला अवघड आणि करायला सोपं आहे, फक्त पावसाने सहकार्य करायला हवं. शिराळ्यावर नर फुलं घोसात येतात, आत्ये त्यांना वांझोटी म्हणते. मादी फूल एकटं, आणि त्याच्या देठाशी पेन्सिलीच्या टोकाएवढं इवलं शिराळं आधीच असतं, शिरांसकट. संध्याकाळी उमलणार ते फूल दुपारी चारला ओळखता येतं, मिटलेल्या पाकळ्यांची टोकं पिवळी पडलेली असतात. अशा मादी कळीवर आणि दुसऱ्या वेलाच्या नर कळीवर मलमलीची छोटी पिशवी चढवून दोऱ्याने सैल बांधायची. साडेसात वाजता पिशव्या काढायच्या, नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचे परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवून फिरवायचे. पुन्हा पिशवी. देठाला लाल दोरा. दोन दिवसांनी पिशवी काढायची. इवलं शिराळं हिरवंगार राहून वाढायला लागलं तर जमलं, पिवळं पडलं तर गेलं.

ऑगस्टात आम्ही नऊ फुलं जुळवली. मी शनिवार-रविवार चिपळूणहून जायचो, बाकी आत्येने एकटीने, तोंडात टॉर्च धरून केली. तीन पावसाने गेली. परागकण भिजले की ते वायाच. एक कशानेच धरलं नाही. पाच धरली, चार वेगळ्या वेलांवर. बी एकाच फळाचं घ्यायचं नाही हे गेल्या वेळी शिकलो होतो. फळमाशीने डंख मारू नये म्हणून फळं कोवळी असताना कागदी पिशव्या घातल्या आणि मांडवाला क्यूल्युअर नावाच्या आमिषाचा सापळा टांगला. आंब्याला लावतात ते मिथिल युजेनॉलचं आमिष इथे चालत नाही, वेलभाज्यांवरची माशी वेगळी.

मग 7 सप्टेंबरला गणपती आले आणि घर माणसांनी भरलं. चौथ्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या बायकोने उत्साहाने मांडवावरून भाजी तोडून आणली आणि परातीत लाल दोरा बांधलेलं शिराळं! "त्याला गाठ होती, मला वाटलं नवसाची असेल," ती म्हणाली. आत्ये रागवली नाही, पण तिने तिच्या जुन्या चोळीच्या हिरव्या चिंध्या काढून उरलेल्या चारही फळांना अशा काही बांधल्या की लांबून मांडव म्हसोबाच्या झाडासारखा दिसत होता. लाल दोरा ही माझी कल्पना. नुसता दोरा पुरत नाही, हे इथे कबूल करतो.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाटासह यायला लागला. हा भाग कोकणात बी राखणाऱ्याचा खरा कस पाहतो. वेलावर पूर्ण वाळू द्यावं म्हणतात, पण इथे तसं थांबलो तर फळ बाहेरून भिजतं आणि आतल्या बियांना बुरशी लागते. आम्ही मधला मार्ग घेतला. साल पिवळी-तपकिरी होऊन देठ सुकायला लागला, फळ हातात हलकं वाटायला लागलं, की लांब देठासकट उतरवायचं. चारही फळं पडवीत आढ्याला टांगली, चुलीचा ऊबदार धूर लागेल अशी. तिथेच पलीकडे धोंडसासाठी, म्हणजे तवशाच्या गोड केकसारख्या पदार्थासाठी, राखलेली तवशी दोरीच्या फासात लटकत होती. तीन आठवड्यांनी शिराळी कागदासारखी झाली. हलवली की आत खुळखुळ्यासारखं वाजायचं. वाळलेल्या शिराळ्याच्या टोकाला एक गोल झाकण असतं, ते आपोआप सुटून पडतं. आत्येने पहिलं फळ सुपावर उलटं धरलं, झाकण बोटाने उडवलं आणि काळं बी सरसर सुपात पडलं. चाळीस वर्षं हे करणारी बाई, पण झाकण उडवताना तिचा चेहरा नातवासारखा झाला होता.

शिराळ्याचं बी काळं, खरबरीत. घोसाळ्याचं गुळगुळीत आणि कडेला पातळ झालर असलेलं. बरण्यांवर चिठ्ठी नसली तरी एवढ्यावर ओळखता येतं. पोकळ बिया सुपाने पाखडल्या, उरलेल्या नखाने दाबून पाहिल्या.

साठवणीत माझं आणि आत्येचं थोडं वाजलं. तिला बी शेणात कालवून भिंतीला थापायचं होतं, तिची आई तसंच करायची. ती पद्धत वाईट नाही, शेणात किडा कमी लागतो. पण ती भिंत मातीची होती आणि बाजूला चूल बारमाही पेटती होती. आत्येच्या स्वयंपाकघराला आता टाइल्स आहेत आणि गॅस आहे, चूल पडवीत गेली. बी टिकण्याचा एक साधा आडाखा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज शंभराच्या आत राहिली तर बी चांगलं राहतं. आपल्याकडे पावसाळ्यात तापमान 80 आणि आर्द्रता 85 धरा, बेरीज 165. म्हणजे उघडं ठेवलेलं बी जून यायच्या आत नाही, तर जून आल्यावर मरतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत सावलीत आठ-दहा दिवस वाळवायचं आणि मग हवाबंद करायचं. आम्ही काचेच्या बरणीत तळाला कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ घातले, वर फडक्याच्या पुरचुंडीत बी, झाकण घट्ट. तांदूळ ओलावा ओढून घेतात. बरणी फ्रिजच्या दारात. राखेची पद्धतही चालते, वहिनींकडचं बी राखेतच टिकलं होतं. आत्येने तडजोड म्हणून पुरचुंडीत चिमूटभर राख टाकली, मी काही बोललो नाही.

बाकीच्या परसाला एवढी उठाठेव लागत नाही. चवळी स्वतःचं स्वतः फळते, शेंगा वाळल्या की झालं, फक्त भुंगा सांभाळायचा. माठाचं एक चांगलं झाड फुलू द्यायचं आणि तुरे फडक्यावर झटकायचे. तवसं पिवळं-तपकिरी होऊन आठवडा-दोन आठवडे घरात राहिलं की बिया काढून पाण्यात दीड-दोन दिवस आंबवायच्या, बुळबुळीत आवरण सुटतं. तवसं आणि चिबूड शेजारी असले तरी मिसळत नाहीत. भेंडी-मिरचीत मधमाश्या थोडी सरमिसळ करतात, पण तिथे कडू निघायची भीती नाही. दुधी असेल तर मात्र शिराळ्याएवढीच काळजी.

2025 च्या मे महिन्यात आत्येने वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डाळीच्या डब्यामागे ठेवल्या. आठवड्यात अठरांना मोड आले. त्या वर्षी पाऊस मृगाची वाट न पाहता 25-26 मेलाच कोकणात उतरला, त्यामुळे आळीही लवकर घातली. बारा वेल चढले. जुलै संपता संपता पहिली शिराळी हाताशी आली तेव्हा भाजी चिरायच्या आधी बाराही वेलांची चकती जिभेला लावून झाली. बाराही गोड.

27 ऑगस्टला गणपती होते. जावई आले, पानात शिराळ्याची भाजी होती. त्यांनी आधी सासूकडे पाहिलं, मग भाजीकडे. "खा हो, मी तीनदा चाखलीय," आत्ये म्हणाली. त्यांनी दोनदा मागून घेतली. बियाची फळं तोवर मांडवाच्या पुढच्या अंगाला, दारातून दिसतील अशी, हिरव्या चिंध्या बांधून लटकत होती, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी ती दाखवली जात होती.

गडग्यापलीकडचा वेल तोडला तरी त्याचं बी जमिनीत आहेच. यंदाही दोन रोपं न्हाणीच्या भिंतीपाशी उगवली होती. आत्येने ती दुपारी शोधली नाहीत. पाऊस थांबल्याची संध्याकाळ बघून टॉर्च घेऊन गेली आणि पिवळं फूल दिसलं तिथे कोयती चालवली.